रोजचा चमचाभर

आल्याची पेस्ट करताना आपण साल खरवडून टाकतो. घरी आल्याचा मसाला सोडा करायचा तर नेमकी ती सालच लागते. डोळ्यांना न दिसणारं यीस्ट तिच्यावर राहतं. त्याला साखर मिळाली की ते कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि पाण्यात बुडबुडे उठू लागतात.

कृती साधी आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन यीस्टला मारक ठरतं, म्हणून पाणी उकळून गार करावं. काचेच्या बरणीत दोन कप पाणी, चमचाभर सालीसकट किसलेलं सातारी आलं आणि चमचाभर साखर घालून वर फडकं बांधावं. मग रोज तेवढंच आलं, तेवढीच साखर आणि एकदा ढवळणं. पाणी फसफसू लागलं की आलं, साखर, मिरी, दालचिनी, वेलदोडे उकळून काढा करावा. तो पूर्ण गार झाल्यावरच त्यात लिंबू पिळावं आणि लिटरमागे पाव कप बरणीतलं पाणी गाळून घालावं. गरम काढ्यात यीस्ट मरतं. जाड बाटलीत भरताना वर चार बोटं जागा सोडावी, दिवस-दोन दिवस बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये ठेवावं. उन्हाळ्यात झाकण रोज थोडं सैल करून वायू सोडणं विसरू नये; दाब वाढला तर बाटली फुटते.

पुण्याला सोडा नवा नाही. कॅम्पातल्या ‘अर्देशीर अँड सन्स’चा सोडा शहर १८८४ पासून पीत आलं आहे. त्याआधीची कथा इंग्लंडातल्या लीड्सची. शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली तिथे मद्याच्या कारखान्याशेजारी राहत होता. १७६७ साली आंबत्या पिंपांवर साचणारा वायू त्याने पाण्यात मिसळून पाहिला. म्हणजे त्याच्या पहिल्या सोड्यातला वायूही यीस्टनेच दिलेला होता. पुढे खडू आणि आम्ल वापरून हा वायू कसा करायचा, हे त्याने १७७२ मध्ये पुस्तिकेत छापून सगळ्यांसाठी खुलं केलं. सोड्याचे कारखाने त्यानंतर उभे राहिले.

कारखान्यातल्या सोड्यात वायू दाबाने भरतात, त्यामुळे प्रत्येक बाटली सारखी निघते. घरच्या बरणीचं तसं नसतं. एप्रिलच्या पुण्यात ती तीन-चार दिवसांत जागी होते, डिसेंबरच्या थंडीत आठवडाही घेते. तिला घाई करता येत नाही आणि एकदम पाच दिवसांची साखर ओतून सुट्टीही घेता येत नाही. तिच्यापाशी रोज क्षणभर थांबायचं, वास घ्यायचा, फेस पाहायचा. आपल्या वाट्याला एवढंच काम येतं, बाकीचं यीस्ट करतं. मला या कृतीचं मोल इथेच वाटतं. आयुष्यातल्या कितीतरी गोष्टींना आपण महिनोन्महिने विसरतो आणि मग एका दिवसात सगळी भरपाई करू पाहतो. नाती, रियाज, वाचन, म्हाताऱ्या आईवडिलांशी गप्पा, या सगळ्यांना एकदम दिलेलं खूप पचत नाही. रोजचं थोडं मात्र अंगी लागतं.

बरणीतलं पाणी कधी संपवायचं नसतं. विरजणासारखं थोडं मागे राखायचं, त्यात पाणी, आलं आणि साखर घालून ते पुन्हा वाढवायचं. वाढलेल्यातलं अर्धा कप शेजाऱ्याने मागितलं तर आनंदाने द्यावं. चार दिवसांत आपली बरणी पुन्हा भरते. ज्याची आपण रोज निगा राखतो, ते आपल्या गरजेपेक्षा जास्त वाढतं. ते वाढलेलं दुसऱ्याच्या घरी पोचवणं हा या कृतीचाच शेवटचा भाग आहे, आणि तो गाळू नये.