आजचं चिंतन : रामाने धनुष्य खाली ठेवलं



आज वाचनात अरण्यकांडातला जटायूचा प्रसंग आला. रावणाशी लढणारा जटायू आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पण वाल्मीकींच्या कथेत त्यानंतर एक गोष्ट येते, जी वाचताना पटकन सुटते. सीतेला शोधणाऱ्या रामाला रक्ताने माखलेलं ते गिधाड दिसतं आणि त्याला वाटतं, यानेच सीतेला खाल्लं! तो धनुष्याला बाण लावतो. मग जटायू बोलतो, राम ऐकतो, आणि धनुष्य टाकून त्याला मिठी मारतो. पुढे वडिलांचे करावेत तसे त्याचे अंत्यसंस्कारही करतो. जटायू पडला ती जागा इगतपुरीजवळचं टाकेद, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे.

आता आपल्या काळातल्या जटायूंचं काय झालं ते बघा. 1990 च्या सुमारास गिधाडं गावोगावी दिसायची. पुढच्या साधारण 15 वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून जास्त कमी झाली. त्यांची शिकार कोणी केली नव्हती. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचं वेदनाशामक दिलं जायचं. औषध दिलेलं जनावर लगेच मेलं, तर ते मांसात उरायचं आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. 2004 मध्ये संशोधकांनी हे कारण जगापुढे मांडलं. 2006 मध्ये भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली.

मला अस्वस्थ करतं ते हे, की या गोष्टीत रावण सापडत नाही. शेतकऱ्याने गाईवर दयाच केली. डॉक्टरांनी तिचं दुखणं कमी केलं. मग एवढ्या जिवांची हत्या कोणाच्या नावावर लिहायची?

मला वाटतं, जे कळणं शक्यच नव्हतं त्याचा दोष कोणावर लादू नये. पण एकदा कळलं, की "माझा हेतू चांगला होता" ही ढाल चालत नाही. रामाचा संशयही दुःखातूनच आला होता. तरी खरं कळल्यावर त्याने बाण सोडला नाही. नुसती दया डोळे मिटूनही करता येते. आदर करायचा तर समोरचा जीव कसा जगतो, काय खातो, हे जाणून घ्यावं लागतं.

म्हणून विज्ञानाला शिव्या देऊन भागणार नाही. औषध विज्ञानाचं, तसं मरणाचं कारण शोधणंही विज्ञानाचंच. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषधही त्यानेच दिलं. हरियाणात पिंजोरला गिधाडांचं प्रजनन केंद्र आहे, त्याचं नावच जटायू! पण गोष्ट तिथे संपत नाही. गिधाडांना घातक ठरणारी आणखी दोन औषधं, किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक, गुरांसाठी बंद व्हायला 2023 उजाडलं. म्हणजे ऐकायचं काम रोजचं आहे.

आपण शहरातली माणसं म्हणू, आमच्याकडे ना गुरं ना गिधाडं. पण सोसायटीत उंदरांसाठी विष ठेवतात ना? ते खाल्लेला सुस्त उंदीर घुबडाच्या तोंडी लागतो आणि विष घुबडाच्या पोटात जातं. दिवाळीत आपण जिची पूजा करतो, त्या लक्ष्मीचं हे वाहन. उंदरांचा बंदोबस्त करावाच लागतो, मान्य. पण कचरा झाकणं, भिंतीतली भोकं बुजवणं, पिंजरा लावणं हेही उपाय आहेत. थोडे कटकटीचे, एवढंच.

आजचा छोटासा संकल्प : घरात वापरायची कुठलीही फवारणी, विष किंवा औषध विकत घेण्याआधी एकदा विचारायचं, हे माझ्यानंतर कोणाच्या पोटात जाणार? उत्तर कळेपर्यंत बाण भात्यातच राहू दे.

राम कृष्ण हरी 🌿