स्वभावचित्र आणि निवाडा : 'एकच प्याला'च्या अध्यापनाविषयी

वर्गात नाटक शिकविले जाते तेव्हा दोन प्रश्न जवळजवळ अटळपणे विचारले जातात. एक, 'नाटकाचे कथानक थोडक्यात लिहा'. दुसरा, 'अमुक पात्राचे स्वभावचित्र रेखाटा'. हे प्रश्न जुनाट झाले आहेत, हा आक्षेपही आता जुना झाला. ए. सी. ब्रॅडली यांच्या १९०४ मधील शेक्सपिअरविषयक व्याख्यानांनी पात्रकेंद्री समीक्षेला जी प्रतिष्ठा दिली, तिच्यावर एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मध्ये लेडी मॅक्बेथला मुले किती होती, असा प्रश्न विचारून उपहासाचा प्रहार केला. पात्र ही भाषेतून उभी राहिलेली रचना आहे, तिला जिवंत व्यक्ती मानून तिच्या स्वभावाची चौकशी करीत बसणे हा समीक्षेचा मार्ग नव्हे, हे तेव्हापासून आपण मानत आलो आहोत. तरीही शाळेच्या आणि पदवीच्या वर्गांतून हे दोन प्रश्न हटलेले नाहीत. आता प्रश्नपत्रिकेला 'कृतिपत्रिका' म्हणतात आणि तीत 'स्वमता'लाही गुण असतात. परंतु ते स्वमतसुद्धा मार्गदर्शकांत तयार मिळते.

प्रस्तुत लेखाचा आक्षेप मात्र साहित्यशास्त्रीय नाही. 'स्वभावचित्र लिहा' या आज्ञेत माणसाविषयीचे एक गृहीत दडलेले आहे. माणसाजवळ एक ठरलेला स्वभाव असतो, तो चारदोन विशेषणांत सांगता येतो, त्या स्वभावातून त्याची कृत्ये निघतात आणि म्हणून ती विशेषणे सांगितली की त्याचा निवाडाही आपोआप झालेला असतो, असे ते गृहीत आहे. हा नीतिविचार ग्राह्य आहे काय, एवढाच येथे प्रश्न आहे. आणि तो तपासण्यासाठी राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला'इतके योग्य नाटक मराठीत क्वचितच सापडेल.

नाटकाचा सांगाडा सर्वांस परिचित आहे. सुधाकर हा बुद्धिमान आणि मानी वकील. भर न्यायालयात घडलेल्या प्रसंगातून त्याची सनद काही काळासाठी रद्द होते; अपमानाने तो पेटलेला असताना त्याचा कारकून तळीराम त्याच्यापुढे प्याला करतो. पुढे 'आर्य मदिरा मंडळा'ची विनोदी सभा एकीकडे आणि संसाराची धूळधाण दुसरीकडे, असा प्रवास सुरू होतो. श्रीमंत माहेरची सिंधू दळण दळून घर चालविते. अखेरीस दारूच्या भरात सुधाकराच्या हातून मूल जाते आणि सिंधूही मरणोन्मुख होते. ती फौजदारासमोर नवऱ्याला वाचविण्यासाठी खोटे बोलते. सुधाकर विष मिसळलेला शेवटचा प्याला घेतो. परीक्षेत यावर जे उत्तर लिहिले जाते तेही सर्वांस परिचित आहे : सुधाकर बुद्धिमान, स्वाभिमानी, पण तापट व व्यसनाधीन, सिंधू सोशिक, पतिव्रता, रामलाल विचारी व परोपकारी, तळीराम धूर्त व विनोदी. शेवटी तात्पर्य : व्यसनाने सर्वनाश होतो.

या उत्तरात चूक काय, असे कोणी विचारील. विशेषणे खरीच आहेत. परंतु या उत्तरातून हटकून गळणारा एक भाग आहे आणि तोच नाटकाच्या नीतिविचाराचा कणा आहे, असे मला वाटते. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. सोडल्यावर तो उपजीविकेच्या शोधात प्रतिष्ठितांच्या दारी जातो. तेथे त्याला काम मिळत नाही, अपमान मिळतो. आणि त्या अपमानानंतर तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. ज्या सभ्य माणसांनी त्याला परत पाठविले ती दुष्ट नाहीत. त्यांनी एवढेच केले की, त्याचे स्वभावचित्र आधीच लिहून ठेवले होते. 'हा दारुडा', या एका विशेषणाने त्यांचे काम भागले होते. समोर उभा असलेला माणूस प्याला खाली ठेवून आला आहे, ही घटना त्या विशेषणात मावत नव्हती. म्हणून ती त्यांना दिसली नाही.

असे असेल तर वर्गात आपण नेमके काय करतो? 'व्यसनाधीन' हे विशेषण सुधाकराला चिकटवून आपण त्या सभ्य गृहस्थांच्या रांगेत विद्यार्थ्यालाही नेऊन बसवितो. नाटक ज्या कृत्याचा परिणाम दाखविते, तेच कृत्य विद्यार्थ्याकडून करवून घेऊन आपण त्याला गुण देतो.

येथे एक प्रबळ प्रतिपक्ष उभा राहतो आणि तो खुद्द सुधाकरच मांडतो. रामलालपुढील त्याच्या विख्यात भाषणात मद्यप्याच्या आयुष्याच्या अवस्था तो एकामागून एक अशा सांगतो की, पहिल्या प्याल्यानंतरचे सारे जणू ठरून गेलेले आहे. सावध राहावयाचे ते पहिल्या प्याल्याशीच. पुढे सुटका नाही. नाटकाच्या शीर्षकाचा आधारही हाच. आपल्या आयुष्याचे कथानक त्याने स्वतःच थोडक्यात सांगितले आहे, असे म्हणता येईल. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रातही याच्याशी मिळताजुळता विचार आहे. हातून सुटलेला दगड परत घेता येत नाही. तरी तो फेकणे फेकणाऱ्याच्या हाती होते, म्हणून तो जबाबदार ठरतो. नशेत केलेल्या अपराधाला दुप्पट शिक्षा सांगणाऱ्या नियमाचा उल्लेख तो याच संदर्भात करतो, कारण नशा न करणे त्या माणसाच्या हाती होते. सवयीतून स्वभाव घडतो आणि एकदा घडल्यावर नुसत्या इच्छेने तो बदलत नाही, असे त्याचे म्हणणे आहे.

पण ॲरिस्टॉटलचा दाखला अर्ध्यावर सोडता येत नाही. काव्यशास्त्रात तो कथानकाला शोकात्मिकेचा आत्मा मानतो आणि स्वभावाला दुसरे स्थान देतो. आणि स्वभाव म्हणजे काय, तर माणूस काय निवडतो वा टाळतो हे जेथे उघड नसते, तेथे त्याची निवड ज्यातून कळते ते. म्हणजे त्याच्या लेखी स्वभाव विशेषणांत राहत नाही, निवडीत राहतो. आपल्या वर्गांनी ॲरिस्टॉटलकडून कथानक आणि स्वभाव हे दोन मथळे घेतले, आणि त्यांना जोडणारी निवड तेवढी वगळली. धनंजयाच्या 'दशरूपका'तील वस्तू, नेता आणि रस या त्रयीचेही असेच झाले. वस्तू आणि नेता यांची उत्तरे लिहवून घेणे सोपे म्हणून ती उरली. रसाचा प्रश्न मात्र 'करुण' एवढ्या एका शब्दात मिटविला गेला.

निवडीच्या बाजूने पाहिले तर सुधाकराचे ते भाषणही वेगळे दिसू लागते. आपली सुटका नाही, असे सांगणाराच पुढे मागे एकदा प्याला खाली ठेवून दाखवितो. त्याच्या सिद्धांताला नाटकाने दिलेले हे उत्तर अपुरे आहे, कारण तो पुन्हा पडतो. परंतु ते उत्तर आहे. दगड हातून सुटला होता हे खरे, तरी वाटेत त्याला झेलू शकणारे हात होते आणि ते मागे घेतले गेले, हेही तितकेच खरे. सुधाकराची जबाबदारी यामुळे नाहीशी होत नाही. ती एकट्याची उरत नाही, इतकेच.

हा विचार केवळ ग्रंथांत राहू नये म्हणून तो एका ठिकाणी ठेवून पाहू. गडकरी यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे झाले. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पुढल्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास त्याचा प्रयोग केला आणि बालगंधर्वांची सिंधू व गणपतराव बोडसांचा सुधाकर मराठी स्मृतीत कायमचे जाऊन बसले. सावनेरचा परिसर मँगनीजच्या ज्या पट्ट्यात येतो, तोच पट्टा पूर्वेकडे भंडारा जिल्ह्यात आणि पुढे बालाघाटकडे जातो. तुमसर तालुक्यातील चिखला हे त्या पट्ट्यातील खाणीचे गाव. आज मॉइल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सार्वजनिक कंपनीची भूमिगत खाण तेथे आहे. अशा गावातील वर्गात 'एकच प्याला' आणि त्याचे स्वभावचित्र यांचे काय होते?

खाणीचे गाव म्हणजे दारूचे गाव, असे समीकरण येथे मनात येत असेल तर ते तत्काळ दूर सारले पाहिजे. ते गावाचे स्वभावचित्र झाले आणि त्यातील दोष अगदी तोच आहे. चिखल्याचा दाखला घेण्याचे कारण निराळे आहे. जेथे गावाचे अर्थकारण एका कामाभोवती फिरते, तेथे काम जाणे म्हणजे काय आणि कामाबरोबर माणसाचे नाव कसे जाते, हे मुलांना समजावून सांगावे लागत नाही. सनद गेलेल्या सुधाकराचा संताप पुण्यामुंबईच्या वाचकाला मानीपणाचे लक्षण वाटेल. येथल्या मुलाला तो हजेरीपटावरून उडालेल्या नावाचा संताप वाटू शकेल. दुसरे असे की, व्यसनाने पोखरलेले एखादे घर कोणत्याही गावात, कोणत्याही वर्गातील कोणा ना कोणाच्या ओळखीचे असते. 'व्यसनाधीन माणसाने सर्वनाश ओढवला' हे वाक्य लिहिताना त्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे सुधाकर नसतो. आपण त्याला पात्राविषयी लिहावयास सांगितलेले असते. तो मात्र एका नात्याचा निकाल लिहीत असतो.

मग कथानक आणि स्वभाव हे प्रश्नच काढून टाकावेत काय? तसे मला वाटत नाही, आणि याचेही कारण अशाच वर्गात सापडते. गडकऱ्यांचे अलंकारप्रचुर, कोटीबाज, संस्कृतप्रचुर गद्य झाडीबोली, हिंदी वा गोंडी घरात ऐकत वाढलेल्या मुलाला सहज उलगडत नाही. कथानकाचा दोर हाती दिल्याशिवाय तो या नाटकात शिरू शकणार नाही. शिवाय कथानक एक अंतर देते, आणि ते मोलाचे असते. घराविषयी जे उच्चारता येत नाही, ते सुधाकराविषयी बोलता येते. केवळ 'तुला काय वाटले ते लिही' असे म्हणून कथानक दूर सारणारा शिक्षक विद्यार्थ्याला त्याच्या अनुभवापाशी एकटा सोडतो. तेव्हा कथानक हवे आणि स्वभावही हवा. बदलावयास हवे ते प्रश्नाचे व्याकरण. 'सुधाकर कसा आहे?' याऐवजी 'या क्षणी त्याच्यापुढे काय काय होते, त्याने काय निवडले, आणि दुसऱ्या कोणाच्या निवडीमुळे त्याच्यापुढील वाट अरुंद झाली?' असे विचारता येईल. विशेषणाच्या जागी क्रियापद आणावे, एवढाच हा बदल आहे.

झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला हे व्याकरण नवे नाही. धानाची कापणी उरकल्यावर पूर्व विदर्भात रात्ररात्र चालणारी नाटके पाहणारा हा प्रेक्षक नायकाच्या स्वभावाची यादी करीत बसत नाही. प्रत्येक कृत्याला तो तेथल्या तेथे दाद देतो वा हळहळतो, आणि पुढे काय होणार हे माहीत असूनही नायकाने या खेपेला तरी सावरावे, अशी आशा धरतो. शेवट ठाऊक असताना आशा धरणे हा भाबडेपणा नव्हे. ती नाट्यानुभवाची अट आहे. वर्गात आपण शेवट सांगून टाकतो आणि आशाही काढून घेतो.

या बदलाची खरी कसोटी सुधाकरापाशी नाही. ती सिंधूपाशी आहे. मरणाच्या दारात ती फौजदाराला खोटे सांगते. मार्गदर्शकातील उत्तर 'पातिव्रत्याचा आदर्श' या शब्दांत संपते. निवडीचा प्रश्न विचारला की ते संपत नाही. असत्य केव्हा क्षम्य, या प्रश्नावर महाभारताच्या कर्णपर्वात कौशिकाची कथा येते. सत्यवचनाच्या हट्टापायी त्याने दरोडेखोरांना वाट दाखविली आणि निरपराध मारले गेले. त्या सत्याने त्याला अधोगती मिळाली. याउलट कांट १७९७ मधील आपल्या निबंधात मारेकऱ्याशीही खोटे बोलण्याचा अधिकार नाकारतो. सिंधूचे असत्य या दोहोंच्या चौकटीत बसत नाही. कौशिकाने जे बोलावयास हवे होते ते असत्य निरपराधांना वाचविणारे होते. सिंधूचे असत्य अपराध्याला वाचविते आणि गेलेल्या मुलाची बाजू मांडणारे कोणी उरत नाही. तिच्यापुढे दुसरे काय होते? नवऱ्यावाचून जगण्याची वाट त्या समाजाने तिच्यासाठी ठेवली होती काय? कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा ठाऊक असलेल्या विद्यार्थिनीने 'सिंधूने खरे सांगावयास हवे होते' असे लिहिले, तर ते उत्तर चूक म्हणावे काय? आणि दुसरीने 'तिचे ते शेवटचे आणि एकमेव स्वतःचे कृत्य होते' असे लिहिले, तर?

माझ्या मते दोन्ही उत्तरे विचारार्ह आहेत. चूक आहे ते 'पतिव्रता' हे उत्तर. ते खोटे आहे म्हणून नव्हे. ज्या क्षणी सिंधू सर्वांत अवघड निवड करीत असते त्या क्षणी ते तिच्याकडून निवडच काढून घेते, म्हणून. पतिव्रता खोटे बोलली यात नवल काय, असे ते म्हणते. आणि नवल नाहीसे झाले की विचारही थांबतो. एखाद्या वर्गात बसलेल्या ज्या मुलीला हे घर आतून माहीत आहे, तिला या उत्तरातून एकच संदेश मिळतो : सोसणे हा तुझा स्वभाव आहे.

निवाडा करूच नये, असा याचा अर्थ नाही. सुधाकराच्या हातून मूल गेले आहे; तेथे मौन बाळगणे हीसुद्धा अनीतीच ठरेल. परंतु निवाडा कृत्याचा करता येतो. माणसाचा करावयाचा तर तो अखेरपर्यंत स्थगित ठेवावा लागतो. नाटक पडदा पडेपर्यंत तो स्थगित ठेवते. स्वभावचित्र तो पहिल्या प्रवेशातच उरकते. नाटक शिकविणाऱ्याने या दोहोंपैकी कोणाची बाजू घ्यावयाची, हा अध्यापनतंत्राचा प्रश्न म्हणून शिक्षक-प्रशिक्षणाकडे सोपविता येणार नाही. उत्तरपत्रिका तपासताना 'पण' या शब्दानंतर 'व्यसनाधीन' असे लिहिलेले दिसले की समासात कोणती खूण करावयाची, हे ज्याचे त्याला ठरवावे लागेल.