धुक्यातला आर्थर सीट पॉइंट



आजचा श्लोक : अध्याय 18, श्लोक 77. संजय धृतराष्ट्राला सांगतोय की, हरीचं ते अद्भुत रूप आठवून आठवून मला मोठा विस्मय वाटतो आणि पुन्हा पुन्हा हर्ष होतो.

कितीतरी वेळा वाचलेला श्लोक. पण तो कळला गेल्या रविवारी, महाबळेश्वरला.

बाबांना काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. "एकदा आर्थर सीट दाखव रे," असं ते तीन वर्षं म्हणत होते आणि मी दर वेळी "एवढा रिलीज होऊ दे" म्हणायचो. शेवटी या जुलैत, भर पावसात गाडी काढली. वाई, पसरणी घाट, पाचगणी. समोरच्या गाडीचे फक्त लाल दिवे दिसत होते. आई मागून म्हणाली, "परत फिरूया का?" मी तिच्यावर खेकसलो.

पायऱ्या उतरून कठड्यापाशी पोचलो, तर पुढे नुसतं पांढरं. पाऊण तास थांबलो. धुकं तसूभर हललं नाही. तीन वर्षं उशीर केला आणि आता हे! माझा चेहरा बाबांना नीट दिसला नसेल, पण आवाजावरून कळलं असणार.

ते म्हणाले, "तू कॉलेजात असताना आला होतास ना? मग सांग की, समोर काय आहे ते."

मी जरा वैतागूनच सुरुवात केली. डावीकडे सावित्रीचं खोरं, एकदम खोल, थेट कोकणात उतरणारं. उजवीकडे जोरचं खोरं, तिथून कृष्णा पूर्वेला निघते. बाबा विचारत गेले. "नदी केवढी दिसते?" दोऱ्याएवढी. "आणि वारा?" मित्राने खाली टाकलेला रुमाल वाऱ्याने परत वर आणून दिला होता, हे पंधरा वर्षांत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगता सांगता ती डिसेंबरातली सकाळ मलाच पुन्हा दिसायला लागली.

बाबा हसून म्हणाले, "म्हणजे मी धृतराष्ट्र आणि तू संजय!"

आपल्याला वाटतं, संजय युद्धाचं लाइव्ह प्रक्षेपण करत होता. पण महाभारतात तो भीष्म पडल्यावर, दहाव्या दिवशी रणांगणावरून हस्तिनापूरला येतो आणि मग मागचं सगळं सांगतो. म्हणजे गीता आपल्यापर्यंत आली ती कुणाच्या तरी आठवणीतून. एकाने पाहिलं, जपलं आणि ज्याला दिसत नाही त्याच्याजवळ बसून सांगितलं. सांगताना त्याचा स्वतःचा आनंदही पुन्हा नवा झाला. या श्लोकात तो तेच तर म्हणतोय.

मात्र बाबा धृतराष्ट्र नाहीत. व्यासांनी धृतराष्ट्राला दृष्टी देऊ केली होती. आप्तांचा संहार बघवणार नाही म्हणून त्याने ती नाकारली. बाबांना बघायचंय आणि दिसत नाही. डोळे शाबूत असून तीन वर्षं त्यांच्याकडे न बघणारा मी होतो. तेव्हा त्या कठड्यापाशी धृतराष्ट्र कोण होता, हे मला ठाऊक आहे.

धुकं होतं ते बरंच झालं, असं मी म्हणणार नाही. ती दरी बाबांना दिसायला हवी होती. माझा उशीर माझाच, तो देवावर ढकलता येत नाही. पण दाखवण्याची वेळ हुकली तरी सांगण्याची उरते.

परतताना क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात थांबलो. गोमुखाखाली बाबांनी ओंजळ धरली. "दरी लपवणारं पाणी ते हेच," म्हणाले, आणि ओले हात डोळ्यांना लावले. मी आईची माफी मागितली. ती म्हणाली, "आधी गाडी हळू चालव."

आजचा अभ्यास : घरात कुणाला दिसत नसेल, ऐकू येत नसेल, बाहेर पडता येत नसेल, तर आज त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसा. आपण पाहिलेलं काहीतरी त्यांना सांगा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥