मृत्युपत्रातले गाव

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वायव्य टोकाला, जिथून व्हरमाँट आणि न्यूयॉर्क या दोन्ही राज्यांच्या हद्दी हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे विल्यम्सटाउन नावाचे गाव आहे. वस्ती साडेसात हजारांच्या आसपास, आणि त्यातले दोनेक हजार कॉलेजचे विद्यार्थी. चहूबाजूंनी डोंगर. त्यांतला ग्रेलॉक हा राज्यातला सर्वांत उंच. स्प्रिंग स्ट्रीट नावाची गावची बाजारपेठ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला पाच मिनिटेही लागत नाहीत. पतीच्या अध्यापनाच्या निमित्ताने मला या गावात राहायला मिळाले. मी मूळची नगरची, आणि या गावाचा माझ्या गावाशी जुना संबंध आहे हे मला तिथे गेल्यावरच नीट उमगले.

गावाला नाव मिळाले ते एका मृत्युपत्रामुळे. कर्नल इफ्रेम विल्यम्स हा इंग्रजांच्या बाजूने लढणारा सैनिकी अधिकारी. फ्रेंचांविरुद्धच्या मोहिमेवर निघाला असताना १७५५ च्या जुलैत ऑल्बनी येथे त्याने मृत्युपत्र केले आणि सप्टेंबरात लेक जॉर्जच्या लढाईत तो मारला गेला. अविवाहित होता, वय चाळिशीचे. वेस्ट हूसॅक नावाच्या नव्या वसाहतीत मोफत शाळा काढण्यासाठी त्याने पैसा ठेवला. अटी दोन: वसाहत मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीतच राहिली पाहिजे आणि तिचे नाव विल्यम्सटाउन ठेवले पाहिजे. गावाने १७६५ साली नाव बदलले. शाळा उघडायला मात्र १७९१ उजाडले, आणि दोनच वर्षांत तिचे विल्यम्स कॉलेज झाले.

तेव्हाच्या वसाहतकऱ्यांचे जिणे कसे होते ते गावाच्या पश्चिमेकडच्या हिरवळीवर पाहायला मिळते. जमिनीचा हक्क पक्का करायचा तर पाच एकर रान साफ करून किमान १५ फूट बाय १८ फुटांचे, सात फूट उंच भिंतींचे घर बांधावे लागे. गावाच्या द्विशताब्दीला, १९५३ साली, गावकऱ्यांनी त्या काळचीच हत्यारे वापरून असे एक घर उभे केले. मी आत गेले. एकच खोली, एका भिंतीला भलीमोठी चूल, कुऱ्हाडीने तासलेले ओंडके. त्या खोलीत सहा-सात माणसांनी हिवाळा काढायचा, तोही इथला, महिनोन्‌महिने बर्फाखाली दबलेला. त्या माणसांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पण रान साफ केले म्हणजे ते ओसाड होते असे नाही. हा मोहिकन लोकांचा मुलूख. इफ्रेमच्या वडिलांचे कुटुंब १७३०च्या दशकात दक्षिणेकडच्या स्टॉकब्रिजला राहायला आले. तिथे मोहिकनांसाठी मिशन चालू होते आणि ख्रिस्ती, शेतकरी जीवन कसे असते याचा आदर्श म्हणून काही इंग्रज घराण्यांना तिथे वसवण्यात आले होते. त्यांच्यातलेच एक हे विल्यम्स घराणे. आदर्श घालून द्यायला आलेल्या या लोकांच्या हातात मोहिकनांची जमीन एकेक तुकडा करत गेली. बाप्तिस्मा घेतलेले, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात वसाहतींच्या बाजूने लढलेले मोहिकन शेवटी स्टॉकब्रिज सोडून न्यूयॉर्ककडे गेले आणि तिथूनही हुसकावले जात विस्कॉन्सिनला पोहोचले. इफ्रेमच्या स्वतःच्या मालकीचे गुलामही होते. मोफत शाळेचा पैसा कुठून आला याचा विचार करताना हे सगळे एकत्र मांडावे लागते. आता कॉलेज आणि स्टॉकब्रिज-मन्सी समाज यांच्यात बोलणे सुरू झाले आहे, आणि आपला इतिहास व आपल्या पूर्वजांच्या जागा जपण्यासाठी त्या समाजाने गावात कार्यालयही उघडले. हे मला फार मोलाचे वाटते. अडीचशे वर्षांनी का होईना, ते लोक स्वतःच्या नावाने परत आले.

कॉलेजची सुरुवातीची वर्षे हलाखीची होती. आडवळणाचे गाव, विद्यार्थी थोडे. इतके, की १८२१ साली खुद्द अध्यक्षच काही विद्यार्थ्यांना घेऊन निघून गेले आणि त्यातून ॲमहर्स्ट कॉलेज उभे राहिले. मागे राहिलेल्यांनी धीर सोडला नाही. अल्बर्ट हॉपकिन्स या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना हाताशी धरून १८३८ साली वेधशाळा बांधून पुरी केली. त्यांचे बंधू मार्क हॉपकिन्स छत्तीस वर्षे अध्यक्ष होते आणि पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झालेला जेम्स गारफील्ड हा त्यांचा विद्यार्थी. गारफील्डवर १८८१ च्या जुलैत वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा तो याच कॉलेजच्या समारंभासाठी गाडी पकडायला निघाला होता.

मला मात्र सर्वांत जास्त ओढ लागली ती मिशन पार्कमधल्या एका स्मारकाची. माणसाच्या दुप्पट उंचीचा संगमरवरी स्तंभ, माथ्यावर पृथ्वीचा गोल, आणि दर्शनी बाजूला कोरलेली गवताची गंजी. संगमरवर आता काळपट पडला आहे, अक्षरांच्या खाचांत शेवाळ धरले आहे. खाली पाच विद्यार्थ्यांची नावे आणि साल १८०६.

त्या वर्षीच्या ऑगस्टात ही पाच मुले प्रार्थनेसाठी कुरणात जमली होती. विजा कडाडू लागल्या, पाऊस आला, तेव्हा त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. बोलणे चालले होते आशियाबद्दल, तिथे धर्म न्यायचा याबद्दल. सॅम्युअल मिल्स हा त्यांचा म्होरक्या. पुढे दोन वर्षांनी या मुलांनी आणि त्यांच्या मित्रांनी एक गुप्त मंडळ काढले. त्याची घटना त्यांनी सांकेतिक लिपीत लिहिली, इतकी त्यांना लोकांच्या थट्टेची आणि विरोधाची धास्ती होती. त्या हालचालींतून १८१० साली अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशनची संस्था जन्माला आली.

विल्यम्समधून १८०८ साली पदवी घेतलेला गॉर्डन हॉल हा याच मंडळींतला. बोर्डाचे मिशनरी म्हणून तो आणि सॅम्युअल नॉट कलकत्त्याला उतरले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडायला सांगितले. दोघे तिथून निसटून १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले. मुंबई सरकारही त्यांना इंग्लंडला धाडायच्या बेतात होते; अर्ज-विनंत्यांनंतर गव्हर्नर नेपियन यांनी त्यांना राहू दिले. हॉल मराठी शिकला, बाजारात उभा राहून मराठीत बोलू लागला, आणि १८२६ साली नाशिकच्या बाजूच्या प्रवासात पटकीने मेला. ज्या माणसाने आपल्याला अज्ञानी मूर्तिपूजक मानले त्याच्याबद्दल काय वाटावे, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला आहे. नगरमध्ये वाढलेल्या कुणालाही तो टाळता येत नाही. याच मिशनच्या शाळा, दवाखाना, चर्च यांच्या अंगणातूनच आमचे रस्ते जातात. त्याची दृष्टी मला मान्य नाही. पण घरादारापासून इतक्या दूर, आमच्या माणसांच्या भाषेत मरेपर्यंत बोलत राहिलेल्या त्या माणसाला नाकारणेही मला जमत नाही.

आणि त्याच्या कामाचे पुढे जे झाले ते त्याच्या कल्पनेबाहेरचे होते. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात देवनागरी खिळ्यांवर कष्ट घेतले गेले ते धर्मपुस्तकांसाठी. पण तिथली छपाई पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना काढला आणि पंचांग छापले. जावजी दादाजी तर तिथेच काम शिकले. त्यांच्या निर्णयसागर छापखान्याच्या सुबक टायपात पुढे संस्कृत काव्ये आणि शास्त्रग्रंथ छापले गेले. धर्मांतरासाठी आणलेले यंत्र इथल्या हातांनी शिकून घेतले आणि आपल्या कामाला लावले.

त्याहून मोठी गोष्ट मुलींच्या शाळांची. अमेरिकन मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिका १८२७ साली त्या कामासाठी आल्या, पुढे नगरला गेल्या आणि १८६२ साली निधन होईपर्यंत त्यांनी मुलींना शिकवले. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि १८४८ साली भिडेवाड्यात शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण फॅरारबाईंकडे घेतले, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आढळते. जोतीराव आणि सावित्रीबाई ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी ज्ञान घेतले, आणि ज्यांना ते कुणीच देत नव्हते त्यांच्या हाती ठेवले.

स्मारकापाशी हे आठवले की मला एक साल बोचते: १९७०. विल्यम्स कॉलेजने पदवीसाठी मुलींना प्रवेश दिला तो त्या वर्षी. म्हणजे या कुरणात जन्मलेल्या विचारातून मुंबईत मुलींची पाटी-पेन्सिल सुरू झाली, आणि त्यानंतर जवळपास दीडशे वर्षे या कुरणाशेजारच्या वर्गांत मुलीला जागा नव्हती. फॅरारबाई स्वतः न्यू हॅम्पशायरच्या, इथून फार लांबच्या नव्हेत. त्यांनाही या कॉलेजच्या वर्गात बसता आले नसते. स्तंभावर नावे आहेत ती पावसात अडकलेल्या पाच मुलांची, आणि त्या पाचांपैकी एकही महाराष्ट्रात आला नाही. आमच्याकडे जे काही रुजले ते रुजवणारी बाई तिथे नाही, आणि ते पुढे नेणारी तर कुणाला ठाऊकही नाही. हे मी एका विद्यार्थिनीला तिथेच सांगितले. तिने सावित्रीबाईंचे नाव वहीत लिहून घेतले, दोनदा उच्चारून पाहिले, आणि विचारले, “त्यांच्यावर दगड मारले, तरी त्या शाळेत जात राहिल्या?” मी हो म्हटले.

गाव म्हणजे केवळ कॉलेज नव्हे, हे शेजारच्या आजींनी मला शिकवले. त्यांची हयात कॉलेजच्या स्वयंपाकघरात गेली. त्यांच्यासोबत मी गावसभेला गेले. नोंदणी झालेल्या प्रत्येक मतदाराला तिथे बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क असतो. मी परकी, म्हणून बाजूच्या खुर्च्यांवर बसले. शाळांचा खर्च, रस्ते, अग्निशमन, एकेक कलम वाचले जाते आणि माणसे उठून प्रश्न विचारतात. प्राध्यापक आणि प्लंबर दोघांनाही बोलायला तेवढाच वेळ. इथे सिंगर शिलाई मशीनच्या संपत्तीवर उभे राहिलेले क्लार्क कलासंग्रहालय आहे, रेन्वाची चित्रे आहेत, आणि पाच-सहा मैलांवर नॉर्थ ॲडम्स हे गिरणीगाव आहे, जिथला स्प्रेग इलेक्ट्रिकचा कारखाना १९८५ साली बंद झाल्यावर शेकडो घरांची मिळकत गेली. गावाबाहेर व्हाइट ओक्स नावाच्या वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. कॉलेजचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर गेयस बोलिन मात्र १८८९ सालचा. आजी हे सगळे तक्रारीच्या सुरात सांगत नसत. कोण कुठे राहत होते हे विसरले जाऊ नये, एवढेच त्यांना हवे होते.

मलाही तेच हवे आहे. अमेरिकन बोर्डाचा पत्रव्यवहार हार्वर्डच्या हाउटन ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे. नगरहून १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’चे जुने अंकही आहेत. पाच मुलांची नावे दगडावर आहेत. त्या पहिल्या शाळांत पाटी घेऊन बसलेल्या मुलींची नावे सापडली तर ती या कागदांतच सापडतील. इंग्रजी पत्रे आणि मराठी अंक शेजारी ठेवून वाचायला मराठी वाचणारीच माणसे लागतील. नगरच्या एखाद्या महाविद्यालयाने हे काम हाती घ्यावे. मी त्यासाठी वेळ द्यायला तयार आहे.