देणाऱ्याची बांधिलकी

सिंगापुरात उच्च शिक्षणाच्या मदतीचा विषय निघाला की त्यामागोमाग बॉण्डचा विषय येतोच. लोकसेवा आयोगाच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेल्या सिंगापुरी तरुणाला ठरलेली वर्षे सरकारी सेवेत काढावी लागतात. मध्येच सोडले तर झालेला खर्च व्याजासह भरून द्यावा लागतो. नाशिक किंवा नांदेडहून नान्यांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत, म्हणजे एनटीयूत, यंत्र अभियांत्रिकीला आलेल्या मुलाने शिक्षण मंत्रालयाचे शुल्क अनुदान घेतले, तर त्यालाही पदवीनंतर तीन वर्षे सिंगापुरात नोंदणी झालेल्या कंपनीत काम करण्याचा करार करावा लागतो आणि दोन जामीनदार उभे करावे लागतात. काहींना हा करार कोवळ्या वयात मुलांना वेठीला धरणारा वाटतो, काहींना तो करदात्यांच्या पैशाचा चोख हिशेब वाटतो. दोन्ही पक्षांची नजर विद्यार्थ्यावर असते: तो काय देणे लागतो, ते किती वर्षांत फेडणार आणि बुडवले तर काय. मला या कराराची दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. त्यावर सही करणारे सरकारही बांधले जाते. होतकरू विद्यार्थ्याला मदत करायची तर बंधन आधी देणाऱ्यावर हवे, आणि आपल्याकडच्या बहुतेक मदतीत नेमके तेच नसते, एवढेच मला इथे मांडायचे आहे.

सिंगापूरने स्वतःला असे बांधून घेतले ते औदार्यापोटी नव्हे. 1965 साली हे बेट स्वतंत्र झाले तेव्हा त्याच्याजवळ खाणी नव्हत्या, शेतीला फारशी जमीन नव्हती, पिण्याचे पाणीसुद्धा मोठ्या प्रमाणात शेजाऱ्याकडून घ्यावे लागत होते. आर्थिक विकास मंडळ 1961 मध्येच स्थापन झाले होते. जुरोंगच्या दलदलीत भराव टाकून कारखाने उभे राहू लागले होते. कारखाने आले तसे ते चालवणारे लोक हवे झाले. आजच्या एनटीयूचे मूळ असलेली नान्यांग टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट 1981 साली निघाली तीच मुळी उद्योगांत थेट काम करू शकतील असे अभियंते घडवण्यासाठी. ज्याला अभियंत्याची गरज आहे तो त्याच्या शिक्षणाचा खर्च दुसऱ्या वर्षी थांबवत नाही, कारण अर्धवट अभियंता त्याच्या उपयोगाचा नसतो. म्हणून सिंगापूरचे अनुदान अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या कालावधीसाठी असते आणि प्रवेश घेतानाच त्याच्या अटी कागदावर असतात. अठरा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना चौथ्या वर्षाच्या शुल्काचा अंदाज पहिल्या दिवशी बांधता येतो. घरातला पहिलाच मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला जात असेल तर या अंदाजाचे मोल रकमेइतकेच आहे. प्रवेश घ्यायचा की नाही हे त्यावरच ठरते.

आपल्याकडे अभियांत्रिकीत हा मुद्दा इतर शाखांपेक्षा जास्त टोचतो. चार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात पहिल्या वर्षाचे गणित आणि मेकॅनिक्स अनेकांना आडवे जाते. विषय राहून एटीकेटी लागते, घरी सांगायची चोरी होते. खर्चही सारखा येत नाही. केंद्रीय प्रवेश फेरीत जागा मिळाली की थोड्याच दिवसांत शुल्क भरायचे असते, त्याच सुमारास वसतिगृहाची अनामत, मग महिन्याला मेस, मध्येच लॅपटॉप, शेवटच्या वर्षी प्रकल्प. महाराष्ट्र शासनाने या बाबतीत बरेच केले आहे, हे मान्य करायला हवे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, आणि 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले आहे. पण शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे हप्ते वेळेवर जमा होत नाहीत, ही तक्रारही तितकीच जुनी आहे. पैसे मार्चमध्ये आले तरी मेसवाला जुलैपासून थांबत नाही. ही उणीव भरून काढायला घरच्यांनी खासगी सावकाराकडून उचल घेतली, तर शिष्यवृत्तीचा काही भाग व्याजातच जातो.

देणाऱ्याने आपली बाजू पाळली नाही तर काय होते, याचे आपल्या इतिहासातले सर्वांत ठळक उदाहरण बडोद्याचे आहे. 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानाची सेवा करण्याचा करार झाला. सिंगापूरच्या आजच्या तीन वर्षांच्या बॉण्डपेक्षा तो कडक होता. आंबेडकरांनी न्यूयॉर्कमधला काळ कसा वापरला हे सांगण्याची गरज नाही. त्यानंतर सुरू केलेले लंडनचे शिक्षण मात्र अर्ध्यावर असतानाच मदतीची मुदत संपली आणि 1917 मध्ये त्यांना परतावे लागले. ते करार पाळायला बडोद्याला गेलेही. संस्थानाने पद दिले, पण राहायला घर मिळवून दिले नाही. कचेरीत शिपाई फायली दुरून टाकत. पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलून काढण्यात आले. गावात कोणी खोली देईना. काही दिवसांतच त्यांना मुंबई गाठावी लागली. करार कोणी मोडला, असा प्रश्न इथे सरळ विचारला पाहिजे. ज्याने सेवा द्यायची तो दारात उभा होता. सेवा घेणाऱ्याच्या राज्यात त्याला रात्र काढायला छप्पर नव्हते. पुढे 1920 साली सिडनहॅम कॉलेजातील पगाराची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज असे तुकडे जोडून ते पुन्हा लंडनला गेले आणि तिथले शिक्षण पूर्ण केले. सयाजीरावांचा मोठेपणा यात कमी होत नाही. त्यांच्या काळातले दुसरे कोण एवढे करत होते? पण विद्यार्थ्याकडून दहा वर्षे लिहून घेणाऱ्या करारात त्याच्या निवाऱ्याची जबाबदारी कोणावरच नव्हती, हेही त्याच घटनेतून दिसते.

याच्या उलट एक उदाहरण अभियांत्रिकीतलेच आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूर सरकारच्या मदतीने पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत. परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि 1884 मध्ये इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले, कारण गुणानुक्रमे वर आलेल्यांना नोकरी देण्याचे सरकारने आधीच कबूल केले होते. त्यांची पहिली नेमणूक नाशिकला झाली, खानदेशात त्यांनी काम केले आणि खडकवासल्याला आपोआप उघडणारी दारे बसवली. पंचवीसएक वर्षे त्यांच्या बुद्धीचा लाभ म्हैसूरच्या पैशावर मुंबई इलाख्याला मिळाला. मग 1909 साली ते मुख्य अभियंता म्हणून म्हैसूरला गेले. कृष्णराजसागर धरण त्यानंतरचे. शिकून मुलगा दुसरीकडे जातो आणि आपला पैसा वाया जातो, असा जो आक्षेप नेहमी घेतला जातो, त्याला हे उत्तर आहे. म्हैसूरने त्यांना पहिल्या दिवसापासून अडकवून ठेवले असते तर खडकवासल्याचा अनुभव गाठीला नसलेला अभियंता त्याच्या वाट्याला आला असता. सगळे परत येत नाहीत, हे खरे आहे. पण मदतीचा हिशेब एका मुलाच्या परतण्यावर मांडला तर कोणतीच शिष्यवृत्ती परवडणार नाही. सिंगापूरलाही हे कळते. शुल्क अनुदानाचा करार एका मालकाशी बांधत नाही, देशातील कुठल्याही कंपनीची वाट मोकळी ठेवतो. बंधन आहे, पण त्यात हातपाय हलवायला जागा आहे. 1998 मध्ये आर्थिक विकास मंडळाचे अध्यक्ष फिलिप यो यांनी करार मोडणाऱ्या शिष्यवृत्तीधारकांची नावे जाहीर करण्याची भूमिका घेतली तेव्हा सिंगापुरात मोठा वाद झाला. पैसे व्याजासह परत केले की नैतिक देणेही फिटते का, हा त्या वादाचा गाभा होता. माझ्या मते नैतिक देणे उरते, पण ते वसूल करण्यासाठी बावीस वर्षांच्या माणसाला चव्हाट्यावर आणण्याचा अधिकार दात्याला नाही.

देणाऱ्याने स्वतःला बांधून घेण्याची रीत आपल्याला परकी नाही. वार लावून जेवण्याच्या पद्धतीत सात घरांनी सात दिवस वाटून घेतलेले असत. मंगळवारचे घर मंगळवारी मुलाला उपाशी ठेवू शकत नसे. ती रीत बहुतांशी जातीच्या कुंपणात राहिली, हा तिचा मोठा दोष, आणि म्हणूनच शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली, हे अधिक दूरदृष्टीचे काम होते. 1892 साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेला निधी तर कर्जाऊ शिष्यवृत्तीचा आहे. पैसे परत येतात आणि पुढच्या विद्यार्थ्याला जातात. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते याच निधीच्या मदतीने. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी 1955 मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली ती खेड्यांतून आलेल्या मुलांच्या निवासाची आणि जेवणाची सोय करण्यासाठी. या सगळ्यांत मदत एका समारंभापुरती नव्हती. आज आपल्या मंडळांतून, परदेशातल्याही, जी मदत दिसते ती मुख्यतः गुणगौरवाची असते: शाल, श्रीफळ, पाकीट आणि छायाचित्र. नव्वद टक्के मिळवलेल्या मुलीला जूनमध्ये पाच हजार रुपये दिल्याने तिचा आनंद वाढतो, हे चांगलेच. पण दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत तिची मेस बंद पडते तेव्हा आपण कोणीच तिथे नसतो.

इथे अडचण येते ती रकमेची. एकाचा पूर्ण भार उचलायचा तर इतर नऊ जणांना नाही म्हणावे लागते, आणि नऊ घरांत निराशा पोचवण्यापेक्षा दहा जणांना थोडेथोडे द्यावे असे कोणत्याही सहृदय माणसाला वाटते. हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. तरीही माझा कौल पूर्ण मदतीकडेच आहे. दहा जणांचा दहावा भाग भागवला तर दहाही जण उरलेल्या नऊ भागांसाठी कर्ज काढतात किंवा शिक्षण सोडतात. नाही म्हणण्याचे दुःख देणाऱ्याने सोसायचे आहे. ते मुलांवर दोन वर्षांनी ढकलू नये. दुसरा आक्षेप असा की चार वर्षांची हमी मिळाली की मुले ढिली पडतील. त्यासाठी प्रगतीची अट जरूर घालावी, पण ती पुढच्या वर्षात जाण्याची असावी, वर्गात पहिल्या दहांत राहण्याची नव्हे, आणि एक सत्र गेले तर सावरायला जागा असावी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या सत्रात इंग्रजी पुस्तकांशी झगडावे लागते; त्याच सत्रात त्याची मदत काढून घेणे म्हणजे त्याच्या कष्टांनाच दंड करणे आहे.

सिंगापुरात राहणाऱ्या मराठी अभियंत्यांना नियमित देण्याची सवय नकळत लागलेलीच आहे. भारतीय समाजाच्या शैक्षणिक उन्नतीसाठी 1991 साली स्थापन झालेल्या सिंडाला त्यांच्या पगारातून दरमहा रक्कम जाते, उत्पन्नानुसार एक ते तीस डॉलरपर्यंत. नको असेल तर अर्ज करून बाहेर पडावे लागते. शिकवणी वर्ग आणि गरजू विद्यार्थ्यांना साहाय्य अशी कामे त्यातून चालतात. जोर आहे तो ती रक्कम न चुकता येण्यात. महाराष्ट्रातल्या एखाद्या मुलीला चार वर्षे शिकवायचे ठरवणाऱ्या मित्रमंडळानेही असेच करावे: देणगीचे आवाहन दर गणपतीत नव्याने करण्याऐवजी बँकेत दरमहाची स्थायी सूचना द्यावी. कायद्याचे भान मात्र ठेवावे. परदेशातील कामासाठी इथे जाहीर निधी गोळा करायला परवाना लागतो. भारतीय पारपत्र असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे तिकडच्या संस्थेसाठी परदेशी देणगी ठरत नाहीत. सिंगापूरचे नागरिकत्व घेतलेल्याचे ठरतात आणि त्या संस्थेकडे परदेशी देणगी कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी असावी लागते. एकाच टेबलाभोवती बसणाऱ्या मित्रांत दोन्ही प्रकारचे लोक असतात, म्हणून हे आधी पाहून घ्यावे.

शिवाय इथला दाता स्वतः किती स्थिर आहे, हाही प्रश्न आहे. एम्प्लॉयमेंट पासवर असलेल्याची नोकरी गेली तर पास रद्द होतो आणि नवी नोकरी शोधायला साधारण महिनाभर हाती राहतो. अशा माणसाने चार वर्षांचा शब्द तोंडी देऊ नये. मुलीला वर्षाला एक लाख रुपये लागणार असतील तर चार लाख आधी भारतात, तिच्या शिक्षणापुरत्या वेगळ्या खात्यात, दोन विश्वासू माणसांच्या सह्यांखाली जमा असावेत आणि मगच तिला पत्र लिहावे. जितक्या मुलींसाठी चार लाखांची बेगमी झाली तितकीच नावे निवडावीत. निवडीच्या पत्रात प्रत्येक सत्राच्या हप्त्याची तारीख असावी, आणि तारीख चुकली तर मुलीने कोणाला फोन करायचा ते नावही.