कोड मोकळा, नाव राखीव

आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचा पत्ता सांगताना शेजारच्या गावाचं नाव जोडून ‘लोणी-धामणी’ म्हणतात. जिल्ह्यात लोणी काळभोर, लोणी कंद, लोणी भापकरही आहेत. लोणी हे नाव कुणा एका गावाच्या मालकीचं नाही. घोटाळा होऊ नये म्हणून पुढे जोड लागते, एवढंच. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी मात्र उलटी रीत पाडली आहे. कोड कुणीही न्यावा, नावाला हात लावू नये.

‘मायएसक्यूएल’ या डेटाबेसच्या नावातलं ‘माय’ हे त्याचे कर्ते मायकेल विडेनियस यांच्या थोरल्या मुलीचं नाव. 2008 मध्ये त्यांची कंपनी ‘सन’ला विकली गेली आणि 2010 मध्ये ‘सन’च ओरॅकलच्या ताब्यात गेली. कोड मुक्त परवान्याखाली होता, म्हणून विडेनियसनी तो घेऊन 2009 मध्येच वेगळी चूल मांडली. पण थोरल्या लेकीचं नाव सौद्यात गेलं होतं. नव्या प्रकल्पाला त्यांनी धाकटीचं नाव दिलं: मारियाडीबी. वर्षानुवर्षांचं काम बापाला परत नेता आलं, पोरीचं नाव नाही. हे वाचताना मला दर वेळी चुटपुट लागते.

तरीही ही रीत मला रास्त वाटते. 2006 मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीच्या लोकांनी फायरफॉक्स ब्राउझरमध्ये स्वतःच्या दुरुस्त्या केल्या, तेव्हा फायरफॉक्सवाल्या मोझिलाने बजावलं की आमच्या मंजुरीशिवाय बदल केलेत तर आमचं नाव लावू नका. डेबियनने ‘आइसवीझल’ असं नवं नाव घेतलं आणि ते 2016 पर्यंत चालवलं. भांडण झालं खरं, पण बिघाड झाला तर कुणाचं दार ठोठावायचं, हे वापरणाऱ्याला स्पष्ट होतं.

आपल्या टंकांनाही (फॉन्टनाही) हे लागू आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे मूळ टंक रेड हॅटने ‘लोहित’ नावाने खुले केले. लोहित म्हणजे तांबडा. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ नावाप्रमाणेच मोकळा, तर ‘मोदक’ची अक्षरं इतकी गुबगुबीत की पोटातल्या पोकळीच्या जागी जेमतेम चीर उरते. हे टंक ज्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात, त्यात कर्त्याला नाव राखून ठेवता येतं. मग बदललेल्या टंकाला ते नाव चालत नाही.

मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ अनेक टंकांत आपोआप उमटत नाही. अशा खुल्या टंकात तो बसवून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्याला जमतं त्याने तो जरूर बसवावा, टंकाला स्वतःचं नाव द्यावं आणि त्या ‘ल’बद्दलच्या तक्रारीही स्वतःच ऐकाव्यात.