खेळाडूला गुण नकोत, वेळ द्या

आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून पदवीच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला खेळाडूंसाठी दोन जागा वाढवल्या. त्यातली एक मुलींसाठी. या जागा मूळ संख्येवर वाढीव आहेत, कुणाच्या वाट्यातून काढलेल्या नाहीत. जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव यायलाच हवं, गेल्या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलं किमान एक पदक हवं, आणि त्यानंतर क्रम लागतो तो खेळातल्या कामगिरीवर. अशा निर्णयावर एक आक्षेप हमखास येतो. दोन वर्षं रात्रीचा दिवस केलेल्या मुलाचा प्रवेश थोडक्यात हुकतो आणि त्याच्या कितीतरी मागे असलेली जलतरणपटू आत जाते, हा कुठला न्याय?

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, आणि त्याला सर्रास दिलं जाणारं उत्तर मला लंगडं वाटतं. खेळामुळे शिस्त लागते, नेतृत्वगुण येतात, म्हणून खेळाडूला झुकतं माप द्यायचं, असं ते उत्तर. शिस्त पहाटे घरोघरी दूध घालून शाळेत येणाऱ्या मुलातही असते. शिस्तीलाच जागा द्यायची तर मैदानापर्यंत जायची गरज नाही.

खरा मुद्दा वेळेचा आहे. राष्ट्रीय पातळीवर पोहणारी सतरा वर्षांची मुलगी पहाटे पाचला तलावावर असते. दोन तास पोहून, ओल्या केसांनीच शाळा किंवा क्लास गाठते, संध्याकाळी पुन्हा तलाव, मग व्यायामशाळा. रात्री नऊला पुस्तक उघडते तेव्हा खांदे भरून आलेले असतात. स्पर्धांच्या मोसमात महिनामहिना घर दिसत नाही. नेमक्या याच वयात तिच्यापुढे बारावी आणि जेईई उभ्या राहतात. ॲडव्हान्स्डला दोनच संधी मिळतात, त्याही लागोपाठच्या दोन वर्षांत. अभियांत्रिकीचा अभ्यास तेविसाव्या वर्षी सुरू करता येतो. दोनशे मीटर बटरफ्लाय तेविसाव्या वर्षी सुरू करता येत नाही. शरीर थांबत नाही आणि आपली परीक्षापद्धतीही थांबायला तयार नाही, या कात्रीत खेळाडू सापडतो.

यावर कुणी विचारेल की वेळ तर ऊसतोड कामगाराच्या मुलाचाही जातो, सहा-सहा महिने आईबापांबरोबर फडात. त्याचं काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्या मुलाचा हक्क खेळाडूपेक्षा मोठा आहे असंच मी म्हणेन. पण दोघांची गरज वेगळी आहे. त्या मुलाला फडातून सोडवायचं असतं. खेळाडूला खेळातून सोडवायचं नसतं. तिला शिक्षणाच्या दारातून आत घेताना तिचा खेळ बाहेरच राहिला, तर आपण तिला काय दिलं?

अशा सवलतीचं वाटोळं कसं होतं, हे अमेरिकेकडे पाहिलं की कळतं. हार्वर्डविरुद्धचा २०१८ मध्ये बोस्टनला चाललेला खटला मुळात आशियाई वंशाच्या अर्जदारांवर अन्याय होतो का, याबद्दलचा होता. पण त्यात विद्यापीठाची आतली आकडेवारी बाहेर आली. अभ्यासात बेताची, म्हणजे चौथी श्रेणी मिळालेल्या अर्जदारांपैकी प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंना सुमारे ७० टक्के प्रवेश मिळत होता; त्याच श्रेणीतल्या इतरांना हजारी एकसुद्धा नाही. हार्वर्डचे आंतरविद्यापीठ पातळीवर खेळणारे ४२ संघ आहेत, आणि त्यांत स्क्वॉश, नौकानयन, शिडाच्या होड्या, तलवारबाजी हे खेळही येतात. हे खेळ गरिबाच्या वस्तीत खेळले जात नाहीत. म्हणजे खेळाडूची जागा म्हणून उघडलेलं दार बऱ्याच अंशी सुखवस्तू घरांनाच सोयीचं ठरलं.

त्यात निवड प्रशिक्षकाच्या यादीवर. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठ-प्रवेशांतलं रिक सिंगर या मध्यस्थाचं लाचप्रकरण उघडकीला आलं, ते याच फटीतून. एका बापाने वॉटरपोलोची टोपी आणि चेंडू ऑनलाइन मागवले, मुलाला घरच्या तलावात उतरवून फोटो काढले, डिझायनरकडून ते नीट करून घेतले, आणि कधीच तो खेळ न खेळलेला मुलगा वॉटरपोलोपटू म्हणून प्रवेशाला पात्र ठरला. घड्याळाची वेळ, जाहीर निकाल, क्रमवारी यांपैकी काहीही कुणी तपासलं नाही. आपल्याकडेही सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी बोगस प्रमाणपत्रं सादर झाल्याची प्रकरणं निघाली आहेतच. म्हणून जागा द्यायच्या तर खेळांची यादी ठरवताना खो-खो, कबड्डी, कुस्तीचा विचार आधी व्हावा, आणि निवड झालेल्या प्रत्येकाची कामगिरी नावानिशी जाहीर व्हावी. ज्याला हे उघड करायला संकोच वाटतो त्या संस्थेने हा कोटा ठेवूच नये.

महाराष्ट्राने निवडलेला मार्ग मला सगळ्यात चुकीचा वाटतो. दहावी-बारावीला खेळाडूंना जास्तीत जास्त २५ वाढीव गुण मिळतात. हेतू चांगला आहे. पण खेळाची किंमत गुणपत्रिकेत चुकती केली की व्यवहार तिथेच संपतो. गुण पदरात पडले, अकरावीला हवं ते कॉलेज मिळालं, आता मैदान पुरे, असं घरातच ठरतं. ज्या गुणांनी खेळाला बळ द्यायचं, तेच गुण खेळ सोडण्याचं निमित्त होतात. शिवाय अभ्यासात तिला किती आलं आणि खेळात ती कुठे आहे, या दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. मद्रासने त्या वेगळ्या ठेवल्या, हे मला मोलाचं वाटतं.

तरीही मद्रासचा निर्णय अर्ध्या वाटेवर थांबतो. प्रवेश मिळाल्यावर जो छळ सुरू होतो तो कुठल्याही कॉलेजातल्या खेळाडूला विचारा. आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि सत्र परीक्षा एकाच आठवड्यात येतात. पंच्याहत्तर टक्के हजेरी भरत नाही. विद्यापीठाचं पत्र दाखवलं तरी प्रॅक्टिकल चुकतंच, सबमिशन राहतं, केटी लागते, पुढे वर्ष जातं. दुसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांचा निर्णय झालेला असतो, आणि तो खेळाच्या बाजूने नसतो.

कुस्तीगीर खाशाबा जाधवांकडे १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या प्रवासातून आलं. खर्डेकरांनी गुण वाढवून दिले नव्हते. आपल्या विद्यार्थ्याला त्या वर्षी कशाची गरज आहे, हे त्यांना दिसलं होतं.

आजच्या खेळाडूला गरज आहे ती थांबण्याच्या परवानगीची. पात्र ठरलेल्या मुलीला सांगता आलं पाहिजे की तुझी जागा चार-पाच वर्षं तुझी आहे. आधी खेळून ये. चार वर्षांची पदवी सहा-सात वर्षांत पुरी करता यावी, स्पर्धेमुळे बुडलेली परीक्षा केटी न मानता पुन्हा घेतली जावी. क्रेडिट साठवून पुढे वापरण्याची सोय २०२१ पासून शैक्षणिक क्रेडिट बँकेच्या रूपाने कागदावर आहेच. आणि वाढीव जागा राखून ठेवली तर दुसऱ्या कुणाचं काही जात नाही. ती जागा वाट पाहू शकते. सतरा वर्षांच्या जलतरणपटूला तेवढी सवड नसते.